टोळांची गोष्ट

(वाचन : गणना 13:25–33, यहोशवा 2:8–11, 14:6–12)

मोशेने पाठविलेले 12 हेर 40 दिवस कनान देश हेरून परत आले. नगरे तटबंदीची आहेत, माणसे धिप्पाड आहेत, हे त्यांचे सांगणे खरेच होते. परंतु 10 जणांनी त्यात आणखी एक गोष्ट मिसळली : अनाकवंशीयांपुढे आम्ही आमच्याच नजरेत टोळ ठरलो, आणि त्यांच्याही नजरेत तसेच. आता त्यांच्या मनातले ह्यांना कोणी सांगितले? हेरांनी त्यांना विचारल्याचे कोठेच लिहिलेले नाही. उलट, पुढे यरीहोत राहाब सांगते की, तांबड्या समुद्राचे वर्तमान ऐकून तिकडच्या लोकांचेच धैर्य गळाले होते!

ते टोळ मात्र एका रात्रीत सबंध मंडळीच्या मनात शिरले, आणि ती पिढी रानातच संपली.

आपल्यातही असे टोळ आहेत. "आम्हांला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही." "आम्ही काय, कमी शिकलेले." शब्बाथ शाळेत तर मुलादेखत म्हटलेले आम्ही ऐकतो, "ह्याला पाठांतर जमतच नाही." पुढे तो मुलगा स्वतःविषयी हेच सांगू लागतो. शिक्षकांनी येथे फार जपावे. वचन आठवले नाही, तर "आज विसरलास" एवढेच म्हणावे. तेवढेच खरे असते.

कालेबाने धिप्पाड माणसे नाकारली नव्हती. 45 वर्षांनी, वयाच्या 85व्या वर्षी, त्याने वतन मागितले ते त्याच अनाकवंशीयांच्या डोंगराळ मुलखात.