बटुग्रह शिकवताना



पाचवी-सहावीच्या मुलांना ‘ग्रह किती?’ असं विचारून बघा. पुस्तक वाचलेली मुलं आठ म्हणतील. कुणी म्हणेल, ‘पण बाबा तर नऊ सांगतात.’ आणि ज्याच्या घरी नुकतीच मुंज झाली आहे, त्यानं ग्रहमखात नवग्रहांची पूजा पाहिलेली असते, म्हणून तोही नऊच म्हणेल. गंमत अशी की हे दोन ‘नऊ’ वेगळे आहेत. बाबांच्या यादीत प्लूटो आहे. पूजेतल्या यादीत सूर्य, चंद्र, राहू, केतू आहेत. प्लूटो नाही आणि पृथ्वीही नाही!

माझ्या मते धडा इथूनच सुरू करावा. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ‘ग्रह’ हा शब्द जुना, पण त्यात कोणाला धरायचं हे माणसं ठरवतात आणि त्याला कारणं असतात, एवढं मुलांना कळलं की पुढचं सोपं जातं. ‘प्लूटोला हाकललं’ असं मात्र सांगू नका. मुलांना वाईट वाटतं आणि कारण शिकायचं राहूनच जातं.

असं आधीही घडलंय. 1801 च्या 1 जानेवारीला सेरेस सापडला, तेव्हा कित्येक वर्षं तो ग्रहच मानला जात होता. मग मंगळ आणि गुरूच्या मधल्या त्याच पट्ट्यात आणखी पुष्कळ गोळे सापडले आणि त्याला लघुग्रह म्हणू लागले. प्लूटो 1930 मध्ये सापडला. त्याचं नाव इंग्लंडमधल्या 11 वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीनं सुचवलं होतं (हे मुलांना जरूर सांगा, वर्ग एकदम जागा होतो). 2005 मध्ये एरिसचा शोध लागला. आकारानं जवळपास प्लूटोएवढाच, पण वस्तुमान त्याच्याहून जास्त. मग एरिसलाही ग्रह म्हणायचं का? शेवटी 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग इथं खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून व्याख्या ठरवली.

ग्रहासाठी तीन अटी आहेत. तो सूर्याभोवती फिरतो का? स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं जवळपास गोल झालाय का? आपल्या कक्षेचा परिसर त्यानं मोकळा केलाय का? प्लूटो तिसरीत अडकतो. इथं दिवाळीआधीचा लक्ष्मी रोड आठवायला सांगा. प्लूटो त्या गर्दीतून चालणारा एक जण. गुरू म्हणजे पालखीचा रथ, आला की वाट मोकळी होते. फक्त एक सांगायला विसरू नका, की ग्रह हे गुरुत्वाकर्षणानं करतात : आसपासचे दगडधोंडे ओढून घेतात, नाहीतर दूर भिरकावतात.

पहिल्या दोन अटी पूर्ण, तिसरी नाही आणि जो कुणाचा उपग्रहही नाही, तो बटुग्रह. मुंजीतला बटू सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे ‘बटु म्हणजे लहान’ हे वेगळं शिकवावं लागत नाही. सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस हे पाच आज अधिकृतपणे बटुग्रह मानले जातात.

आता स्वयंपाकघरात चला. एक सेंटिमीटर म्हणजे हजार किलोमीटर धरा. पृथ्वी सोललेल्या नारळाएवढी, साधारण 12.7 सेंमी. चंद्र साडेतीन सेंमीचं छोटं लिंबू, प्लूटो 2.4 सेंमीची सुपारी, सेरेस वाटाण्याएवढा. गुरू मात्र घरात मिळायचा नाही, तो 1.4 मीटरचा! हे मांडून झालं की एखादं मूल हमखास विचारतं, ‘चंद्र प्लूटोपेक्षा मोठा आहे, मग तो बटुग्रह का नाही?’ उत्तर लगेच देऊ नका. तीन अटी फळ्यावर तशाच ठेवा आणि पहिली अट त्यांनाच पुन्हा वाचू द्या.