रेशीम आणि हृदयाचा व्रण

प्रश्न : अंबड तालुक्यात आम्ही तुती लावून रेशीमकोष जालन्याच्या बाजार समितीत विकतो. वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. रेशमाच्या साहाय्याने हृदय पुन्हा घडविता येते, हे खरे काय?

उत्तर : रक्तपुरवठा खुंटल्यामुळे हृदयाचा जो स्नायू मृत होतो, त्याच्या जागी नवा स्नायू न येता निबर व्रण उरतो, कारण प्रौढ हृदयात वर्षाकाठी जेमतेम १ टक्का पेशीच नव्याने निर्माण होतात. कोषातील सेरिसिन हा चिकट अंश उकळून काढल्यावर जे फायब्रॉइन नामक प्रथिन शिल्लक राहते, ते शरीरास बहुधा मानवते व सावकाश विरते. म्हणून त्याच्या सच्छिद्र पटलावर पेशी वाढवून ते व्रणावर बसविण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. परंतु मनुष्याच्या बाबतीत त्याने हृदय पुन्हा घडेल अशी खात्री तूर्त देता येत नाही; हृदयाच्या दुरुस्तीसाठीच वापरलेल्या समुद्रशैवालजन्य अल्जिनेट या दुसऱ्या पदार्थाची ३०३ रुग्णांवर जी चाचणी झाली, तिचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्षही निराशाजनकच ठरला. सबब वडिलांची औषधे खंड न पाडता चालू ठेवावीत, तंबाखू वर्ज्य करावा, आणि धाप वा पायांस सूज दिसताच विनाविलंब हृदयरोगतज्ज्ञांस दाखवावे.