दारावरची पाटी : संकेतस्थळाचें शीर्षचित्र कसें तयार करावें

परक्या गांवीं एखाद्याचें घर शोधूं लागलों म्हणजे आपली दृष्टि प्रथम दारावरील पाटीकडे जाते. पाटीवरचें नांव सुवाच्य असेल तर मन निःशंक होतें व आपण कडी वाजवितों. अक्षरें पुसट असतील तर घर तेंच असूनही आपण पुढें निघून जातों. आजच्या काळीं शाळा, वाचनालयें, मंडळें व दुकानें ह्यांचें एक घर महाजालावरही असतें. त्यास संकेतस्थळ म्हणतात. ह्या घराच्या दारावरची पाटी म्हणजे पानाच्या अगदीं माथ्यावर दिसणारी रुंद सचित्र पट्टी होय. तिला आपण ह्या लेखांत शीर्षचित्र असें नांव देऊं. तें विकत न घेतां विद्यार्थ्यानें स्वतः संगणकावर कसें तयार करावें, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

माथ्यावर नांव मांडण्याची ही रीत महाजालानें निर्माण केलेली नाहीं. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं मुंबईस 'दर्पण' पत्र सुरू केलें. १८४२ सालीं अमेरिकन मिशननें अहमदनगर येथें 'ज्ञानोदय' काढलें. वृत्तपत्र हातीं येतांच माथ्यावरील नांवावरून कोण बोलत आहे हें वाचकास कळतें. पुढें १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली ह्यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत महाजालाची कल्पना मांडली. आरंभींचीं पानें बहुतांशीं नुसत्या अक्षरांचीं असत. १९९३ सालीं निघालेल्या मोझेइक ह्या ब्राउझरनें मजकुराच्या जोडीलाच चित्रें दाखविण्याची सोय लोकांत रूढ केली, आणि वृत्तपत्राचा सजविलेला माथा जणूं संगणकाच्या पडद्यावर आला.

काम हातीं घेण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें स्वतःस एक प्रश्न विचारावा : आपल्या दारीं येणार कोण? डोंगराआडच्या वाडींतला एखादा पालक प्रवेशाची तारीख पाहूं इच्छितो. त्याच्यापाशीं लहानसा फोन आहे व तेथें जाळें मंद आहे. चाळिशी लावून पाहणारी एखादी आजी आहे. डोळ्यांनीं अंध असा एखादा माजी विद्यार्थी आहे, ज्यास त्याचा फोन पानावरील मजकूर वाचून दाखवितो. ज्याच्यापाशीं सर्वांत थोडीं साधनें आहेत त्याच्यापर्यंत जी पाटी पोंचते, ती सर्वांपर्यंत पोंचते. पुढें सांगितलेले बहुतेक नियम ह्या एकाच सूत्रांतून निघाले आहेत.

चित्र तयार करण्याचीं सॉफ्टवेअरें मुख्यत्वें दोन जातींचीं असतात. पहिल्या जातींत चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ह्या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. छायाचित्रें ह्याच जातीचीं. दुसऱ्या जातींत चित्र रेषांच्या गणिती वर्णनानें सांठविलें जातें. तें कितीही मोठें केलें तरी त्याच्या कडा फुटत नाहींत. शाळेचें बोधचिन्ह काढण्यास ही दुसरी जात योग्य. पहिल्या जातींतील गिंप हा प्रोग्रॅम बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनीं रचून १९९६ सालीं लोकांस खुला केला. दुसऱ्या जातींतील इंकस्केप २००३ सालीं निघाला. दोहोंसही पैसा पडत नाहीं. विद्यार्थ्यांनीं रचलेलें साधन विद्यार्थ्यांनींच वापरावें, ह्यांत एक औचित्यही आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. गिंप उघडून 'फाइल' ह्या यादींतील 'न्यू' निवडावें व रुंदी १६०० पिक्सेल आणि उंची ४०० पिक्सेल असा कोरा पट घ्यावा. नंतर 'ओपन ॲज लेयर्स' ह्या आज्ञेनें आपलें छायाचित्र त्यावर आणावें. लेयर म्हणजे थर. काचेच्या तावदानांवर निरनिराळीं चित्रें काढून तीं एकावर एक ठेवावीं, तसे हे थर असतात. छायाचित्र एका थरावर, बोधचिन्ह दुसऱ्यावर, अक्षरें तिसऱ्यावर अशी व्यवस्था केली म्हणजे एक बिघडलें तरी बाकीचीं सुरक्षित राहतात. छायाचित्र पटाहून मोठें असेल तर 'स्केल' ह्या साधनानें लहान करावें. मात्र रुंदी व उंची ह्यांस जोडणारी साखळीची खूण अखंड असूं द्यावी, नाहींतर दुमजली इमारत बसकी दिसेल. लहान चित्र ताणून मोठें करूं नये, कारण मुळांत नसलेले ठिपके संगणक अंदाजानें भरतो व चित्र धुरकट होतें. विषय एकच निवडावा. इमारत, ग्रंथालय, स्नेहसंमेलन व विजयी संघ हे सर्व एका पट्टींत कोंबले तर पाहुण्याच्या डोळ्यांत कांहींच भरत नाहीं. एका बाजूस आकाश किंवा भिंत मोकळी राहील असें चित्र घ्यावें, म्हणजे अक्षरांस जागा मिळते.

मराठी अक्षरांस विशेष जपावें लागतें. 'शिक्षण' ह्या शब्दांतील ऱ्हस्व वेलांटी आपणांस श च्या अलीकडे दिसते. परंतु संगणक ती श च्या नंतर सांठवितो व दाखवितांना अलीकडे आणतो. ज्या सॉफ्टवेअरला देवनागरीची ही जुळणी साधत नाहीं, त्यांत वेलांटी भलत्याच जागीं पडते व जोडाक्षरें पाय मोडून सुटीं होतात. म्हणून 'शिक्षण', 'विद्यार्थी', 'क्रीडा' व 'सुट्ट्या' एवढे चार शब्द प्रथम लिहून पाहावे; ते नीट उमटले तर पुढें जावें. दुसरें असें कीं, इंग्रजी मथळ्यांत शोभेसाठीं अक्षरांमधील अंतर वाढवितात. मराठींत तसें केल्यास शिरोरेषा तुटते व शब्द पडक्या दांतांच्या तोंडासारखा दिसतो. दोन ओळी असतील तर वरचे उकार व खालच्या मात्रा एकमेकांस लागूं देऊं नयेत. अक्षरांच्या वळणासाठीं मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेनें घडविलेला 'मुक्त' हा फॉण्ट चांगला असून तो खुल्या परवान्यानें मोफत मिळतो.

रंगांची निवड आवडीवर सोडूं नये. तिचें गणित आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या दंडकांत असें सांगितलें आहे कीं, साधीं अक्षरें व त्यांची पार्श्वभूमि ह्यांच्या तेजांचें गुणोत्तर निदान ४.५ : १ असावें, मोठ्या अक्षरांस ३ : १ चालतें. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचें हें गुणोत्तर २१ : १ येतें, गडद निळ्या अक्षरांचें सुमारें १६ : १, आणि शुद्ध पिवळ्या अक्षरांचें केवळ १.०७ : १. पांढऱ्यावरील पिवळें नांव तरुण डोळ्यांस कसेंबसें दिसेल. आजीस तें दिसणार नाहीं. छायाचित्रावर अक्षरें घालावयाचीं असल्यास मध्यें एक काळसर थर घालून त्याची 'ओपॅसिटी' कमी करावी. म्हणजे चित्र मंद होऊन पांढरीं अक्षरें उठून दिसतात.

येथें एक हिशेब करून पाहूं. १६०० पिक्सेल रुंदीचा आपला पट ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर बसवितांना ०.२२५ पट होतो. मग संगणकावर ८० पिक्सेल उंच दिसणारें नांव फोनवर १८ पिक्सेल उरतें, आणि त्याखालचें ४० पिक्सेलचें बोधवाक्य अवघें ९ पिक्सेल, म्हणजे मुंगीच्या रांगेएवढें. ह्यावर उपाय असा कीं, शाळेचें नांव चित्रांत न रंगवितां पानावर खऱ्या अक्षरांनीं लिहावें व चित्र त्याच्या मागें किंवा खालीं ठेवावें. खरीं अक्षरें फोनवर आपल्या योग्य आकारांत राहतात, शोधयंत्रास सांपडतात, आणि अंध वाचकाचा फोन तीं वाचूं शकतो. चित्रांतलें नांव त्यास केवळ ठिपके असतात. चित्रासही एक पर्यायी मजकूर जोडण्याची सोय असते; तींत 'शाळेची दगडी इमारत व पुढील वडाचें झाड' असें चित्राचें एका वाक्यांत वर्णन लिहावें. ज्यास दिसत नाहीं त्यास तें ऐकूं येईल.

आतां वजनाची गोष्ट. १६०० गुणिले ४०० म्हणजे ६,४०,००० पिक्सेल. प्रत्येकास तीन बाइट धरले तर १९,२०,००० बाइट होतात. हा भार कमी करण्यासाठीं चित्र दाबून सांठविण्याच्या पद्धति आहेत. छायाचित्रास जेपेग ही १९९२ ची पद्धति योग्य. मोजक्या रंगांच्या चिन्हास १९९६ ची पीएनजी किंवा रेषांच्या वर्णनाची एसव्हीजी योग्य. गिंपमध्यें 'सेव्ह' केल्यानें थरांसह कामाची मूळ प्रत राहते. ती जपून ठेवावी. प्रकाशनासाठीं 'एक्स्पोर्ट' करावें व जेपेगची 'क्वालिटी' ७५ ते ८० च्या आसपास ठेवून चित्र डोळ्यांनीं तपासावें. फोननें काढलेलें ३ मेगाबाइटचें चित्र जसेंच्या तसें चढविलें, तर सेकंदास १ मेगाबिट वाहणाऱ्या मंद जाळ्यावर तें येण्यास २४ सेकंद लागतात, कारण एका बाइटांत ८ बिट असतात. तेंच चित्र १२० किलोबाइटवर आणलें तर सुमारें एका सेकंदांत येतें. वाडींतल्या पालकाचे हे तेवीस सेकंद, आणि त्याचा डेटाही, वाचविणें आपल्या हातीं आहे.

शेवटीं, जें केवळ कौशल्याचें नव्हे तर शीलाचें आहे, त्याविषयीं. महाजालावर सुंदर चित्रें एका टिचकीसरशी मिळतात, म्हणून तीं आपलीं होत नाहींत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें छायाचित्रासही संरक्षण दिलें आहे. परवान्याच्या अटी वाचून, श्रेय देऊन घेतलेलें चित्र चालेल; परंतु आपल्या शाळेच्या माथ्यावर परदेशांतील हिरवळ व अनोळखी मुलांचे हंसरे चेहरे लावले, तर ती पाटी खोटी ठरते. आपली भिंत जुनी असेल, अंगणांत धूळ असेल. तरी सकाळच्या कोंवळ्या उन्हांत काढलेलें तिचें चित्र खरें असतें, आणि खऱ्याची शोभा टिकते. मुलांचे चेहरे ओळखूं येत असतील तर पालकांची संमति घेतल्यावांचून ते लावूं नयेत. फोननें काढलेल्या चित्राच्या पोटांत कित्येकदां तें कोठें काढलें ह्याची नोंद दडलेली असते. शाळेच्या इमारतीपुरती ती निरुपद्रवी. परंतु चित्र कोणाच्या घरीं काढलेलें असेल तर घराचा ठिकाणाच जगजाहीर होतो. म्हणून एक्स्पोर्ट करतांना 'एक्झिफ' नांवाच्या नोंदीपुढील खूण काढून टाकावी. पालकांनींही हें ध्यानीं ठेवावें.

चित्र पुरें झालें म्हणजे तें मित्रांस दाखवून शाबासकी मिळविण्याची घाई करूं नये. घरांतील सर्वांत लहान फोन घ्यावा, त्यावर पान उघडावें, आणि तो घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या हातीं देऊन दोनच प्रश्न विचारावे : ही कोणती शाळा आहे? नांव वाचतांना त्रास झाला काय? पहिल्याचें उत्तर तत्काळ आलें व दुसऱ्याचें 'नाहीं' असें आलें, तर काम साधलें. तसें न झाल्यास मूळ प्रत उघडून एखादा थर काढून टाकावा व पुन्हां विचारावें. विद्यार्थिमित्रहो, ज्याची नजर, फोन व जाळें सर्वांत दुबळें आहे, त्याच्यासाठीं श्रम घ्यावयास शिकणें, हा ह्या लहानशा कलेंतील मोठा धडा आहे.