नवे हात कोणाला मिळावेत? – वर्गातली एक चर्चा



चौथीला शरीराचे अवयव शिकवताना ही कृती करून पाहा. मुलांचा अंगठा रुमालाने तळव्याला सैल बांधा आणि शर्टाचं बटण लावायला सांगा. आमच्या वर्गात आधी हसू पिकलं. मग एकाने विचारलं, "बाई, हातच नसले तर पेज कशी जेवतले?"

मी मोनिका मोरेची माहिती सांगितली. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावरच्या लोकल अपघातात तिने दोन्ही हात गमावले. आधी तिने कृत्रिम हात वापरले. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईतल्या मेंदूमृत दात्याचे हात विमानाने मुंबईत आणून, परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये तिला जोडले गेले.

मग असे हात सगळ्यांनाच का देत नाहीत?

हात गेला तरी माणूस जगू शकतो. पण शरीराने परका हात नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात. त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, जंतुसंसर्ग आणि कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर वय, तब्येत, मनाची तयारी, घरच्यांचा आधार असं सगळं तपासतात. साधारणपणे दोन्ही हात गेलेल्यांचा विचार आधी होतो.

हे नियम बरोबरच आहेत. पण एक हात गेलेल्या रापणकराला विचारा. रापणीचा दोर एका हाताने ओढता येत नाही. 'एक हात आहे ना' हे आपण म्हणतो, तो म्हणेलच असं नाही. उलट, दोन्ही हात नसलेली एखादी व्यक्ती पायाने लिहीत सुखात असेल, तिला हा धोका नकोही असेल.

नुसती इच्छाही पुरत नाही. १९९८ साली फ्रान्समध्ये क्लिंट हॅलमला हात जोडला. त्याने औषधं सोडली, तो हात त्याला आपला वाटेना. शेवटी २००१ मध्ये त्याच्याच मागणीवरून तो काढावा लागला.

म्हणजे धोका डॉक्टरांनी नीट समजावावा. पण तो पेलायचा की नाही, हे ज्याला पेलायचाय त्याला विचारल्याशिवाय ठरवू नये.

वर्गात विचारा:
१. हात नसताना कोणतं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला सर्वांत जास्त लाज वाटेल?
२. रोज औषध आणि वर्षानुवर्षं व्यायाम, तुम्ही कराल?
३. एकच दाता, दोन रुग्ण. निवडण्याआधी त्यांना काय विचाराल?

पालकहो, तिसरा प्रश्न घरीही काढा. दात्याच्या घरच्यांनी होकार दिला, तरच हे हात मिळतात. तो होकार आपल्यापैकीच कोणालातरी द्यायचा असतो.