द्यूतविचार

॥ राम कृष्ण हरि ॥

गीतेच्या 10 व्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात, त्यांत छळ करणाऱ्यांमधले द्यूत मीच, असेही म्हणतात. तेवढ्यावर बोट ठेवून एखादा विचारतो, “महाराज, देवच द्यूत आहे, मग आम्ही चार पैसे लावले तर बिघडलं कुठं?” बाबा रे, भगवंतांनी द्यूताला छळणाऱ्यांत बसविले आहे, तारणाऱ्यांत नव्हे. त्याच अध्यायात सिंहही विभूती आहे, म्हणून कोणी त्याच्या गुहेत निजायला जात नाही.

आता यातला छळ कोठे असतो ते पाहू. पणजीस मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी असतात. दिवे, गाणे, खाणे, सारे आयते. तेथे रूलेट नावाचे चाक असते. त्याच्या एका प्रकारात 37 घरे. आपल्या घरात गोळी थांबली, तर एका रुपयाचे, लावलेला धरून, 36 मिळतात. आता सगळ्या 37 घरांवर एकेक रुपया लावून पाहा. गेले 37, आले 36. चाक खरे, गोळी खरी, तरी खेळ मालकाच्याच बाजूचा. लबाडी हातात नाही, हिशेबातच आहे. जो फार खेळेल तो अखेर फार देईल.

मग माणूस उठत का नाही? मधूनमधून जिंकतो म्हणून. आणि हरला तर “गेलेलं काढून घेतो” म्हणून. धर्मराजाने राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी पणाला लावली. धृतराष्ट्राने सारे परत दिले. तरी पुन्हा बोलावणे येताच तो बसला आणि वनवास पदरी घेतला. तिथे आपला काय पाड?

तिसगावच्या माणसाला मांडवी लांब, पण फोन खिशात आहे. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने 2025 साली कायद्याने बंदी घातली. तरी चोरवाटा राहतातच. कापसाची पट्टी घेऊन निघालेला मुलगा घरी रिकामा येतो. आधी तो पैसा लपवितो, मग कर्ज लपवितो, शेवटी तोंड लपवितो.

अशाला दिंडीतून हाकलू नये. जागतिक आरोग्य संघटनाही या व्यसनाला आजार मानते. त्याचे कर्ज गुपचूप फेडू नका, त्याने फेर पुन्हा सुरू होतो. व्यवहार घरच्यांच्या हाती द्या, डॉक्टरांकडे न्या आणि संध्याकाळी हरिपाठाला शेजारी बसवा. माळ घातलेल्याने कष्टाचे तेवढेच आपले म्हणावे. फुकटाची आस सुटली, की नामाची गोडी लागते.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥