नाण्यावरचे सागरी प्राणी आणि मेरीचं नाव



मागे आमच्या चौथीच्या वर्गाने दगडांचं प्रदर्शन मांडलं होतं. दगड एका मुलीने जमवले, तक्ता एका मुलाने सुबक अक्षरात लिहिला. तक्त्याखाली मी फक्त त्याचंच नाव घालू दिलं. ती हळूच म्हणाली, "बाई, दगड तर मी आणले होते ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी हा पाठ तयार केला.

ब्रिटनच्या 'रॉयल मिंट' या टांकसाळीने २०२१ मध्ये ५० पेन्सची तीन स्मारक नाणी काढली. नाणं सात बाजूंचं असतं. चांदीच्या नाण्याचं वजन ८ ग्रॅम. नाण्यांवर टेम्नोडोन्टोसॉरस, प्लेसिओसॉरस आणि डायमॉर्फोडॉन हे प्राणी आहेत. चित्रं रॉबर्ट निकोल्स यांची. पहिले दोन समुद्रात राहणारे, तिसरा उडणारा. मुलं लगेच "डायनासोर!" म्हणतात. तिथेच थांबवून सांगा, हे तिघेही डायनासोर नव्हेत. ते वेगळ्या गटांतले सरपटणारे प्राणी. समुद्रातले दोघे पाण्यात राहूनही श्वास हवेतूनच घ्यायचे.

ही मालिका मेरी ॲनिंगच्या नावाने आहे. तिचा जन्म १७९९ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस गावचा. वडील सुतारकाम करत. ते १८१० मध्ये वारले आणि मागे कर्ज राहिलं. किनाऱ्यावरच्या कड्यांतून निघणारे जीवाश्म विकून हे कुटुंब पोट भरायचं. १८११ मध्ये भाऊ जोसेफला एक मोठी कवटी सापडली. पुढे मेरीने त्याच प्राण्याचा सांगाडा शोधला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती!

१८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरसचा सांगाडा मिळाला. मान इतकी लांब, की फ्रान्सचे नामवंत शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांना तो बनावट वाटला. नंतर त्यांनी चूक मान्य केली. पण १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत विल्यम कॉनिबेअर यांनी या सांगाड्याची माहिती दिली, तेव्हा मेरीचं नावसुद्धा घेतलं नाही. त्या संस्थेत स्त्रियांना सदस्यत्व मिळालं थेट १९१९ मध्ये. मेरी तर १८४७ मध्येच गेली होती.

मुलांना हे दूरचं वाटू नये म्हणून देवघरातला शाळिग्राम आठवायला सांगा. गंडकी नदीतल्या शाळिग्रामावरचं चक्र हे बहुधा ॲमोनाइट या प्राचीन सागरी जीवाचा ठसा असतो. मेरीसुद्धा ॲमोनाइट विकायची.

वर्गात करून पाहा:
१. ओल्या मातीत शिंपला दाबून ठसा घ्या. जीवाश्म कसा उरतो, ते बोला.
२. कागदावर सात बाजूंचं नाणं काढा आणि त्यावर आपल्या गावातल्या कुणाचं काम दाखवायचं ते ठरवा.
३. शेवटी विचारा, "नाण्यावर नाव कुणाचं हवं? शोधणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं की दोघांचं?"

आमच्या तक्त्यावर आता दोन नावं आहेत. तुमच्या वर्गातलं एखादं नाव राहून गेलंय का, तेवढं एकदा बघा.