नुसता अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका

रक्तदाबासाठी मला रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. भर उन्हाळ्यात जुलाब लागले. मीठ-साखरेचं पाणी पीत राहिले, जुलाब थांबले. पण अंगातली ताकद काही परतेना. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. घरचे म्हणायचे, उन्हाचा अशक्तपणा आहे, जाईल. छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी ईसीजी काढून रक्त तपासलं. पोटॅशियम 2.6. लगेच दाखल व्हावं लागलं.

रक्तात ते साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रति लिटर असावं. 2.5च्या खाली गेलं, तर स्नायू लुळे पडू शकतात, हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकतं. माझं पोटॅशियम दोन वाटांनी गेलं होतं: गोळीमुळे लघवीतून आणि जुलाबांतून. मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसतंच. ओआरएसच्या पुडीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमागे 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. म्हणून जुलाबात पुडीच आणा.

अशी गोळी चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी घ्यायची की थांबवायची ते विचारा. एरवीही ते सांगतील तेव्हा इलेक्ट्रोलाइट्सची तपासणी करा. पोटॅशियम भरूनही वाढत नसेल, तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. ते कमी असलं की मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल, तर तेही सांगा. त्याच्या अतिरेकानेही पोटॅशियम घटतं.

केळी, शहाळं, रताळं, पालक, डाळी रोजच्या आहारात चांगल्याच. पण फार घसरलेला आकडा त्यांनी वर येत नाही. त्याला औषध लागतं. सिरप पाण्यात मिसळून, सांगितलेल्या मापातच घ्यायचं. सलाईनमधून द्यायचं ते रुग्णालयात, सावकाश, हृदयावर लक्ष ठेवून. घरी मुळीच नाही.

मनाने सिरप किंवा कमी सोडियमचं मीठ सुरू करू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं चालू असतील, तर पोटॅशियम वाढू शकतं, आणि वाढलेलंही हृदय थांबवू शकतं.

हातपाय उचलेनासे झाले, धडधड वाढली, भोवळ आली किंवा श्वास घेणं जड झालं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या.